तक्रार आपोआप बंद होत नसते

चंद्रपुरात मूल गावाकडे जाणाऱ्या रस्त्यावर खाली दुकान आणि वर ऑफिस अशी आमची जागा आहे. आम्ही झटका मशीन विकतो. शेताभोवती खांब, खांबांवर तार, एक सौर प्लेट, एक बॅटरी आणि एक लाल डबा, एवढंच त्याचं सामान. रानडुक्कर तारेला लागलं की त्याला झटका बसतो आणि ते पळतं. मरत नाही. माणूस लागला तर शिव्या देत मागे सरतो, पण तोही मरत नाही.

मी गोंडपिपरी तालुक्यातल्या धानाच्या गावची. डुक्कर काय करतं हे मला कोणी शिकवायची गरज पडली नाही. ते खातं थोडं आणि लोळतं जास्त. सकाळी धुऱ्यावर उभं राहिलं की बांधीतलं, म्हणजे शेताच्या त्या तुकड्यातलं, सगळं धान चटईसारखं पसरलेलं दिसतं. लग्न होऊन मी ऊर्जानगर कॉलनीच्या भिंतीला लागून असलेल्या भाड्याच्या खोलीत आले. नवरा पॉवर स्टेशनात ठेकेदाराकडे कामाला. मी बी.ए. झालेली, टायपिंग येणारी. या ऑफिसात तक्रारी घ्यायच्या कामावर लागले आणि अजून तिथेच आहे.

सुरुवातीला काम साधं होतं. फोन आला की रजिस्टरात गाव, नाव आणि काय बिघडलं ते लिहायचं, मग मेकॅनिक भाऊंना सांगायचं. भाऊ पन्नाशीचे, चंद्रपूर आणि शेजारचा अशा दोन्ही जिल्ह्यांतली गावं त्यांना पायाखालची. "भाऊ, सिंदेवाहीकडे दोन आहेत, चिमूरला एक," म्हटलं की ते फटफटीला किक मारायचे. चुका व्हायच्या. माझी अक्षरं मलाच लागायची नाहीत. एकदा तर एकाच नावाच्या दोन गावांत मी भाऊंना उलटंच पाठवलं. म्हणून रजिस्टरचे दिवस सोन्याचे होते असं मी म्हणणार नाही.

मग नागपूरच्या हेड ऑफिसनं सॉफ्टवेअर आणलं. ते शिकवायला पुण्याहून एक मुलगी दोन दिवसांसाठी आली. माझ्यापेक्षा लहान, पण शिकवणं फार चांगलं. ती म्हणाली, "ताई, यातलं सगळं तीन प्रश्नांवर चालतं. काय घडलं? कोणती अट आहे? मग काय करायचं? हे एकदा लिहून ठेवलं की तुम्ही जेवायला गेलात तरी ते काम होत राहतं."

मला ते एका दुपारीच समजलं आणि आवडलंही. आपल्या हातानं केलेला पहिला नियम मला अजून आठवतो. काय घडलं: नवीन मशीन विकली. अट: ग्राहकाचा मोबाइल नंबर नोंदलेला आहे. मग काय करायचं: पंधरा दिवस थांबायचं आणि मराठीत एक संदेश पाठवायचा, 'तारेखालचं गवत कापलं का? गवत तारेला लागलं की झटका कमी होतो.' निम्म्या तक्रारी त्या गवताच्याच असायच्या. संदेश सुरू झाला आणि त्या कमी झाल्या. एका म्हाताऱ्या शेतकऱ्यानं तर फोन करून विचारलं, "बाई, तुले कसं समजलं माह्या तारेखाली गवत वाढलं म्हणून?" मी दिवसभर खुशीत होते. पुण्याच्या मुलीनं आमच्या ऑफिसच्या साहेबांना सांगून मला नियम लिहायची आणि बदलायची परवानगी देऊन ठेवली, कारण मराठी संदेश माझ्याशिवाय कोणाला नीट लिहिता येत नव्हते.

हेड ऑफिसनं एक नियम स्वतः लिहून पाठवला होता. तक्रार नोंदली की ग्राहकाला एक संदेश जाणार, त्यात एक लिंक. ग्राहकानं लिंक उघडून मशीनचा फोटो टाकायचा आणि 'खात्री करा' दाबायचं. मग ती तक्रार भाऊंच्या फोनवर जाणार, तिला टिकीट म्हणायचं. अठ्ठेचाळीस तासांत काहीच आलं नाही, तर तक्रारीवर शेरा पडणार: 'ग्राहकाकडून प्रतिसाद नाही'. आणि ती बंद. वरून एक संदेश, 'तुमची तक्रार बंद झाली आहे, आमची सेवा कशी वाटली ते कळवा.'

साहेबांच्या खोलीतल्या पडद्यावर उघड्या तक्रारींचा आकडा दिसायचा. आधी तो लाल असायचा. या नियमानंतर हिरवा झाला. साहेब खूश, हेड ऑफिस खूश. खरं सांगायचं तर उन्हाळाभर मीही त्याच्याकडे लक्ष दिलं नाही.

भादवा संपत आला, धान निसवायला, लोंब्या बाहेर पडायला लागल्या, आणि आष्टीच्या पुढच्या एका गावातून एका बाईचा फोन आला. मागे वाऱ्याचा आवाज.

"बाई, मशीन टिकटिक नाई करून राह्यली. आवाजच नाई. डुक्कर आलं होतं काल."

मी तक्रार नोंदवली. म्हटलं, "तुमच्या फोनवर संदेश येईल, त्यात दाबून फोटो टाका."

"फोटो? बटनाचा फोन हाये माहा. अन् गावात टावर कुठी हाये? तलावाच्या पारीवर चढून बोलून राह्यली मी."

मी शेरा लिहिला: बटनाचा फोन, गावात नेटवर्क नाही, मेकॅनिक पाठवणे. मला वाटलं, शेरा लिहिला म्हणजे झालं. पण नियम शेरा वाचत नाही. नियमाला एवढंच विचारता येतं की लिंक दाबली की नाही. अठ्ठेचाळीस तासांनी तक्रार बंद.

तिचा पुन्हा फोन आला. मी तक्रार पुन्हा उघडली. पुन्हा बंद झाली. ती लिंक फक्त ग्राहकाच्याच फोनवर उघडते, नाहीतर मीच दाबली असती. मी भाऊंना म्हटलं, तुम्ही असेच जाऊन या.

भाऊ म्हणाले, "टिकीट नाई त जाऊ कसा वं बाई? गाडी कुठी फिरून राह्यली ते नागपुरात बसून दिसते त्यायले. मागच्या खेपेला बिनटिकिटाचा गेलो त दिवसाची हजेरी कापली."

तिसऱ्यांदा उघडली तेव्हा माझ्याच नावापुढे पिवळा त्रिकोण आला. 'वारंवार उघडलेल्या तक्रारी.' साहेबांनी बोलावलं.

"मॅडम, बंद झालेलं काऊन उघडता सारखं सारखं?"

"सर, काम झालंच नाही तर बंद कसं?"

"ग्राहकाला गरज असती तर त्यानं प्रतिसाद दिला असता."

"तिनं तीनदा फोन केला आहे."

"फोन सिस्टिममध्ये धरत नाही. प्रोसेस म्हणजे प्रोसेस."

मी जागेवर येऊन बसले. राग आला होता, पण तो नेमका कोणावर काढायचा ते कळत नव्हतं. साहेब वाईट माणूस नाही. नियम त्यांनी लिहिला नव्हता. ज्यानं लिहिला त्याला मी पाहिलंही नव्हतं, आणि तो बहुतेक अशा जागी बसला असेल जिथे फोनच्या चारही कांड्या सदा भरलेल्या असतात.

त्यानंतर दोन-तीन दिवसांनी दुपारी बाराच्या सुमाराला एक बाई जिना चढून वर आली. डोक्यावर चुंगडी, म्हणजे लहान पोतं. चाळिशीची असेल, पायात रबरी चप्पल, पदर खोचलेला. तिनं चुंगडी माझ्या टेबलावर ठेवली आणि आतून लाल डबा काढला.

"तूच न ते फोनवाली?" आवाजावरून मी ओळखलं.

"हो बाई. बसा."

"बसत नाई मी. माही तक्रार कोनं बंद केली ते सांग आंधी."

मी म्हटलं, "मी नाही केली. कॉम्प्युटरनं आपोआप केली."

"आपोआप?" ती म्हणाली. "आपोआप त धानही नाई निसवत बाई. रोवना करा लागते. बंद कोनं तरी केलीच असंन. कम्प्युटरनं केली म्हनते त बोलाव न त्याले भायेर."

मागच्या टेबलावरचे दोघं हसले. मी नाही हसले. मी पडदा तिच्याकडे फिरवला आणि एकेक ओळ मोठ्यानं वाचून दाखवली. तक्रार आली. संदेश पाठवला. अठ्ठेचाळीस तास वाट पाहिली. ग्राहकाकडून प्रतिसाद नाही. तक्रार बंद. मग तेच दुसऱ्यांदा, मग तेच तिसऱ्यांदा.

"प्रतिसाद म्हंजे?"

"उत्तर. तुम्ही उत्तर दिलं नाही असं लिहिलं आहे."

आता ती खुर्चीवर बसली. आवाज खाली आला, पण बोलणं जास्त लागलं. "मी उत्तर देल्लं नाई? वावरातून तलावाच्या पारीवर जातो मी, चिखलातून. तीन खेप गेली. अन् हे लिहून राह्यलं का मी बोललीच नाई?" मग म्हणाली, "शेजारचा म्हने, काऊन मशीनच्या मागं लागली, सरळ लाइनीवरून करंट सोड न तारेत. गावोगावी सोडते लोकं. मी म्हनलं, नाई. लेकरं फिरते, ढोरं फिरते. उद्या कोनाचा मानूस चिकटला त? मी चांगल्या मार्गानं चालून राह्यली अन् तुमी मलेच बंद करून राह्यले."



भाऊ खाली दुकानातच होते. मी हाक मारली. त्यांनी डबा उघडला. आतलं कार्ड काळं पडलं होतं, विजेनं जळलेलं. नवं कार्ड बसवलं, बॅटरीची जोडणी साफ केली, मशीन टिकटिक करायला लागली. चहा यायच्या आत काम झालं. त्या चहाएवढ्या कामासाठी बारा दिवस गेले होते आणि तेवढ्यात तिची तलावाकडची बांधी डुकरांनी झोपवली होती. ती तशीच गेली, ती कोणी उभी करून देणार नव्हतं.

निघताना ती मला म्हणाली, "मी आली बाई. ज्याले येता येत नाई, त्याचं काय करशीन?"

ती दुपारच्या अहेरी गाडीनं गेली. मी जेवले नाही. सॉफ्टवेअरमध्ये 'ग्राहकाकडून प्रतिसाद नाही' असा शेरा शोधला. यादी आली. मी खाली खाली जात राहिले आणि ती संपेना. गावं वाचत गेले तसं कळलं की सगळी एकाच तऱ्हेची आहेत. जंगलातली, तलावाकाठची, नदीपलीकडची, सिरोंच्याकडची. चंद्रपूर शहराजवळचं एकही नाही. मेहनतीनं मशीन घेतलेली, फोन करून करून थकलेली ही माणसं होती, आणि आमच्या पडद्यावर ती बेपर्वा ग्राहक म्हणून नोंदली जात होती.

मी लपून काही केलं नाही, हे मला स्पष्ट सांगायचं आहे. यादी छापून साहेबांच्या टेबलावर ठेवली. म्हटलं, "सर, नियम बदलू द्या." ते म्हणाले, "पाहू. हेड ऑफिसला विचारावं लागेल." आठवडा गेला. रोज विचारलं, रोज "पाहू". इकडे धानात दूध भरत होतं. साहेबांचं 'पाहू' होईपर्यंत डुक्कर थांबणार नव्हतं. आठव्या दिवशी मी त्यांना सांगितलं, "सर, मी बदलते आहे." ते फोनवर होते. त्यांनी हात हलवला. तो हो होता की जा होता, यावर आमचं नंतर बरंच भांडण झालं.

नियम बदलायचा म्हणजे नुसतं बंद होणं थांबवून भागत नाही. मग तक्रारी नुसत्या साचतात. विचार केला की ही माणसं नेटवर्कमध्ये येतात कधी? आठवडी बाजाराला. मीठ-मिरची घ्यायला, धान्य विकायला, कोणाला तरी भेटायला प्रत्येक घरातलं कोणीतरी आठवड्यातून एकदा मोठ्या गावी येतंच, आणि तिथे टॉवर असतो. मी भाऊंना समोर बसवलं. दोन्ही जिल्ह्यांतलं कोणतं गाव कोणत्या बाजाराला जातं हे त्यांना तोंडपाठ होतं. "हे गाव मंगळवारचं. हे शुक्रवारी. हे लोकं नदी उतरून पलीकडच्या बाजाराले जाते, पान्याच्या दिवसांत नाई जात." ते सांगत गेले, मी भरत गेले. ग्राहकाच्या माहितीत मी एक नवा रकाना केला: 'बाजाराचा वार'.

मग नियम लिहिला. तक्रार आली. अट: गावात नेटवर्क आहे का? असेल तर जुनंच चालू द्या. नसेल तर बाजाराच्या वारापर्यंत थांबा. त्या दिवशी अकरा वाजता संदेश पाठवा आणि बारा वाजता मला काम द्या: ग्राहकाला फोन कर. बोलणं झालं की तक्रार सरळ मेकॅनिककडे. आणि शेवटची 'आपोआप बंद' ही पायरी मी पुसून टाकली. तिच्या जागी लिहिलं की तक्रार माणूसच बंद करेल, आणि कारण लिहून करेल. 'चालू करा' दाबायच्या आधी सगळ्या पायऱ्या पुन्हा एकदा वाचल्या. मग दाबलं.

पहिल्याच मंगळवारी सात जणांशी बोलणं झालं. एक म्हणाला, "अरे, तुमी फोनही करता का?" भाऊंची फटफटी पुन्हा सकाळी निघायला लागली. आणि साहेबांच्या पडद्यावरचा आकडा लाल झाला.

हेड ऑफिसचा फोन आला. साहेबांनी मला आत बोलावून स्पीकर चालू केला. पलीकडून एक आवाज, शांत, दमलेला. "बदल तुमच्या नावानं दिसतोय. तुम्ही केला?"

"हो. तिथंच लिहिलं आहे ना."

"कोणाला विचारून?"

"आठवडाभर विचारत होते, सर."

"मॅडम, तुमच्या एका ऑफिसमुळे पूर्ण विभागाचा रिपोर्ट खराब दिसतोय."

"सर, रिपोर्ट आत्ता खरा दिसतोय. खराब आधी होता."

साहेबांनी डोळे मिटले.

संध्याकाळपर्यंत माझी नियम बदलायची परवानगी काढली गेली, माझा नियम बंद केला गेला आणि जुना पुन्हा चालू झाला. दोन दिवसांनी एक कागद आला. त्यावर छापलं होतं की मी अनवधानाने चुकीचा बदल केला, त्याबद्दल खेद आहे आणि पुन्हा असं होणार नाही. खाली सहीची जागा.

घरी नवरा म्हणाला, "करून टाक न सही. एक सहीच त आहे. ठेक्यात आमी रोज सह्या करतो, वाचतही नाई."

"अनवधानानं लिहिलं आहे," मी म्हटलं. "हे काही अनवधानानं झालेलं नाही. आयुष्यात पहिल्यांदाच मी काही जाणूनबुजून केलं."

"मंग तसं लिही."

तो चिडून बोलला, पण मी तसंच लिहिलं. 'अनवधानाने' खोडून वर 'जाणूनबुजून' लिहिलं. 'चुकीचा' खोडला. 'खेद आहे' खोडलं. शेवटच्या 'पुन्हा असं होणार नाही' या ओळीवर बराच वेळ पेन धरून बसले, मग तीही खोडली. सहीसाठी वाक्यच उरलं नाही, म्हणून सही केली नाही. साहेबांनी कागद पाहिला आणि म्हणाले, "मॅडम, हे मी वर पाठवू शकत नाही." मी म्हटलं, "मग पाठवू नका. दुसरा माझ्याकडे नाही." तो त्यांच्या कपाटात गेला.

नोकरी गेली नाही. का गेली नाही ते मला आजही नक्की माहीत नाही. त्या पगारात या कामाला दुसरं कोणी मिळत नव्हतं, हे एक कारण असणार. परवानगी नव्हती, पण फोन तर करता येत होता. बाजाराच्या वारांची यादी माझ्याजवळ होती. भाऊ त्या दिवसांत नव्या तऱ्हेनं फिरायला लागले. ज्या बाजारगावात एखादं तरी खरं टिकीट असेल तिथे ते बाजाराच्या दिवशीच जायचे आणि बसस्टँडच्या झाडाखाली बसायचे. मी आधीच फोन केलेली माणसं चुंगडीत मशीन घालून तिथे यायची. टिकीट एक, डबे पाच. नागपुरात बसून गाडी बरोबर जागेवर दिसायची. झाडाखालचं दिसत नव्हतं. भाऊंना मी एकदा विचारलं की तुम्हाला भीती नाही वाटत का. ते म्हणाले, "नोकरी मशीन सुधराची हाये. मी मशीन सुधरून राह्यलो. भीती कायची?"

पुढच्या उन्हाळ्यात पुण्याची ती मुलगी पुन्हा शिकवायला आली. बंद केलेले नियम यादीत खाली पडून राहतात. तिला माझा दिसला. तिनं तो उघडला, पायऱ्या एकेक करून वाचल्या, आणि सगळ्यांसमोर विचारलं, "हा कोणी लिहिलाय?" मी हात वर केला. ती साहेबांना म्हणाली, "सर, हा बंद का आहे? हाच बरोबर आहे."

त्यानंतर दीडेक महिन्यानं हेड ऑफिसचं पत्रक आलं. आता कुठल्याही ऑफिसात फोन केल्याशिवाय तक्रार बंद होणार नाही. आणि ग्राहकाच्या फॉर्ममध्ये 'बाजाराचा वार' भरणं सक्तीचं. सगळीकडे. शहरातले लोक चिडून फोन करतात की आमच्याकडे रोजच बाजार असतो, काय भरायचं? मी सांगते, काहीही भरा. पत्रकात माझं नाव नव्हतं. माझी परवानगी परत आली नाही. कोणताही बदल हवा असला तर मी कागदावर लिहून साहेबांना देते आणि ते वर पाठवतात.

गेल्या महिन्यात नवा नियम आला आहे. ज्या ग्राहकानं दोन वर्षांत काहीच नवीन घेतलं नाही, त्याचा फोन आपोआप रांगेच्या शेवटी जाणार. मी तो तीनदा वाचला. ज्याची मशीन नीट चालते तो नवीन कशाला घेईल? दुसऱ्या दिवशी सकाळी हरकत लिहून साहेबांच्या टेबलावर ठेवली, मागे गावांची यादी जोडून.

साहेबांनी वर पाहिलं. "पुन्हा, मॅडम?"

"हो सर. पुन्हा."